भाऊसाहेबांनी घातलेली शपथ

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो. दिवाळी अंकासाठी भाऊसाहेब वकिलांवर लिहा, म्हणाले. "तुम्ही त्यांच्याच खुर्चीत बसून वकिली केलीत. तुम्ही नाही लिहायचं तर कोणी? फक्त जरा प्रेरणादायी होऊ द्या." खुर्चीचं खरं आहे. सागवानी आहे, डावा हात सैल आहे, आणि सत्तेचाळीस वर्षांच्या वकिलीतली बरीच वर्षं मी तिच्यात बसलोय. प्रेरणेचं मात्र मला काही सांगता येत नाही. या वयात सकाळी उठून मुरबाडची एसटी पकडायला लागते तेवढीच प्रेरणा माझ्यापाशी शिल्लक आहे.

आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या माणसांना भाऊसाहेब कोण ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. इंग्रजांच्या अमदानीत मुरबाडच्या कोर्टात वकिली करणारे, पुढे वकिलीची सनद सरकारच्या तोंडावर फेकून तुरुंगात गेलेले आमच्या भागाचे पुढारी. खादीचा कोट, काळी टोपी आणि खाली लांब शेपटीची सही, असा त्यांचा फोटो बाररूममध्ये आहे, ग्रंथालयात आहे, डोंगराकडच्या कितीतरी घरांत देवांच्या शेजारी आहे. त्यांचे ज्युनियर तात्या आणि तात्यांचा ज्युनियर मी. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण त्यांनी केलेली एक गोष्ट निस्तरण्यात माझी उतरती वर्षं गेली, म्हणून तीच लिहितो. ती प्रेरणादायी नसेल तर संपादकांनी कात्री लावावी.

तालुक्याचा वकील म्हणजे काय हे सिनेमा बघणाऱ्यांना कळायचं नाही. आम्ही टेबलावर हात आपटत नाही. आम्ही तारखा घेतो. लावणीत तारीख नको, झोडणीत नको, लग्नसराईत नको, हे सांभाळता सांभाळता वर्ष सरतं. खळ्यावरून भांडणारे दोन सख्खे भाऊ माझ्याकडे होते. एक माझा अशील, दुसरा समोरचा. दोघं एकाच जीपने यायचे, दुपारी झाडाखाली एकाच डब्यातलं जेवायचे आणि आत जाऊन एकमेकांना खोटं पाडायचे. चौदा वर्षांनी निकाल लागला तेव्हा जिंकलेलाच जास्त नाराज दिसला. म्हणाला, "आता आमी भेटायचं कुठं, साहेब?" असा हा धंदा. यात माणसं शहाणी होत नाहीत, फक्त म्हातारी होतात. मी त्यातलाच.

आता माझी पहिली केस. सनद मिळून चार महिने झाले होते. डोंगराखालच्या एका भातशेताचा दावा होता. माझा अशील कल्याणकडचा, जमीन विकत घेतलेला. समोर डोंगरातल्या वाडीवरचा एक कुळवाडी, गोमा नावाचा. वाडीचं नाव लिहीत नाही, माणसं अजून नांदती आहेत. नोटीस बजावायला गेलेला बेलिफ हसत परत आला. "वकीलसाहेब, त्या वाडीची नोटीस म्हंजे आपलं जेवान. घेत कोनी नाय, सही कोनी करीत नाय. मी आपली दारावर डकवतो, पंचनामा लिहितो. मंग तीच मानसं म्हनतात, उन्हातान्हाचं लांबून आलाय, जेवून जा."

तारखेला शिपायाने गोमाच्या नावाचा तीनदा पुकारा केला. कोणी आलं नाही. समोरचा आलाच नाही की कोर्ट एकाच बाजूचं ऐकून निकाल देतं, त्याला आमच्यात एकतर्फी म्हणतात. वीस मिनिटांत माझ्या आयुष्यातला पहिला हुकूमनामा माझ्या हातात पडला. मी पेढे घेऊन तात्यांकडे धावलो.

तात्यांनी पेढा उचलला, वाडीचं नाव ऐकलं आणि तो तसाच परत पुड्यात ठेवला. "तू कोणाला हरवलंस?" म्हणाले. मी म्हटलं, कोणाला म्हणजे? समोर कोणी आलंच नाही. "येणार नाहीतच ते. येऊ नका म्हणून आपणच सांगून ठेवलंय त्यांना." मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी त्या दिवसापासून बाळगून आहे.

जंगलाचा कायदा कडक झाला तेव्हा वाडीवरची माणसं रोज कोर्टात असायची. ढोर जंगलात शिरलं, दंड. मोळी सापडली, दंड. भाऊसाहेब त्यांचे वकील, आणि वकील म्हणून ते सोन्यासारखे, यात मला शंका नाही. मग देशात वारं फिरलं, सरकारी कोर्टांवर बहिष्कार घालायची हाक आली. भाऊसाहेबांनी सनद परत केली, आणि वाडीवर चढून गेले. गावदेवीपुढे माणसं जमवली. घरटी एका कर्त्याच्या हातावर बेलाचं पान आणि भंडारा ठेवला. आमच्याकडे बेलभंडार उचलला की ती शपथ सोडवीपर्यंत साऱ्या घराला, पुढच्या पिढ्यांनासुद्धा. शब्द असे होते: "मी येऊन सोडवीपर्यंत सरकारच्या कोर्टाची पायरी चढणार नाही." पहिला बेलभंडार त्यांनी स्वतः उचलला. आठवड्याभरात त्यांना पकडून नेलं.

तुरुंगातून सुटले ते खोकला घेऊन. घरात पाच माणसं आणि चूल गार. वर्षभर त्यांनी कळ काढली, मग अर्ज करून सनद परत घेतली. मुरबाडला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून ठाण्याला जाऊन वकिली केली. तात्या त्यांना तिथेच ज्युनियर म्हणून मिळाले; भाऊसाहेबांच्या मागे तेच त्यांची खुर्ची आणि कागद घेऊन मुरबाडला आले. त्यांच्या चरित्राची जी पुस्तिका आमच्या ग्रंथालयाने काढली आहे तीत यावर एवढंच वाक्य आहे: 'पुढे ते ठाण्यास स्थायिक झाले.' मी याला अजिबात नावं ठेवत नाही. लेकरांना जेवायला घालणं हा गुन्हा नाही, आणि सनद परत करायची छाती माझी तर आधीसुद्धा झाली नसती. राहिलं एवढंच, की शपथ सोडवायला ते वाडीवर कधी गेले नाहीत.

तात्यांनी त्यांना एकदा विचारलं होतं. भाऊसाहेब म्हणाले, "कोणत्या तोंडाने जाऊ?" मी तात्यांना विचारलं, मग तुम्ही का गेला नाहीत? तात्या म्हणाले, "मी ज्युनियर. सीनियरचं झाकायचं असतं." आणि मी? मी तर ज्युनियरचा ज्युनियर. पेढ्यांचा पुडा बंद केला आणि गप्प बसलो. पुढे तात्या वारले, खुर्ची आणि कागदांचं कपाट माझ्याकडे आलं. तोवर भाऊसाहेबांच्या नावाचा हॉल झाला होता, त्यांच्या जयंतीला शाळेची पोरं भाषणं करत होती. त्या गोष्टीला आता कोण हात लावणार? आणि खरंच सांगायचं तर मला कोणी विचारलं नाही. वाडीवरच्या आणखी तीन जमिनी माझ्या डोळ्यांदेखत एकतर्फी गेल्या. त्यात मी वकील नव्हतो, बाकावर बसून नुसता पुकारा ऐकत होतो.

चार वर्षांपूर्वी काशिनाथ माझ्याकडे आला. वासिंदला गोदामात कामाला, चाळिशीचा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. घराच्या वरच्या अंगाला त्यांचं वरकस आहे. वरकस म्हणजे डोंगरउताराची जमीन, नाचणी-वरीची. खालचं भातशेत गेल्यावर तेवढीच उरलेली. शेजारी फार्महाऊस बांधणाऱ्या एका शहरी माणसाने तीच आपली म्हणून दावा ठोकला होता. "साहेब, कब्जा आमचा हाय. पन सातबारा आईच्या नावावर नाय, ती बोलली तरच केस उभी राहील. आन् ती कोर्टात यायला तयार नाय. मी म्हटलं, आई, नव्या कोर्टाला बाजूनं रॅम्प हाय, पायरी चढायलाच नको. तर म्हनते, मला वकिली शिकवू नको."

मी वडिलांचं नाव विचारलं. गोमा, म्हणाला. मी चष्मा पुसायला घेतला.

काशिनाथला ठाऊक नव्हतं की खालच्या शेताचा वकील मी होतो. तो तेव्हा जन्मलाही नव्हता. दावा वेगळा, समोरचा पक्ष वेगळा, तेव्हा त्याचं वकीलपत्र घ्यायला मला कायद्याने अडचण नव्हती. कायद्याने काय, बऱ्याच गोष्टींना अडचण नसते.

तर एका सकाळी कपाटातले दोन कागद पिशवीत घालून मी निघालो. जीपने पायथ्यापर्यंत, पुढे चालत. दर वळणावर बसत बसत वर पोचलो तेव्हा गोमाची बायको, ठमाबाई, अंगणात वरी पाखडत होती. ऐंशीच्या पुढची, काटक, डोक्यावर पदर. आत भिंतीवर भाऊसाहेबांचा फोटो, त्याला ताजं फूल. तिने आधी पाणी दिलं, मग वाढलं. वरीचा भात, कुळथाचं पिठलं, ठेचा. मी जेवलो. तो बेलिफ खोटं बोलत नव्हता.

मग मी माझ्या पोतडीतली सगळी शहाणपणं काढली. म्हटलं, आजी, शपथ इंग्रजांच्या कोर्टाची होती, आता राज्य आपलं आहे.

"राज आपलं जालं तवा कोनी सांगाया आलं नाय," ती म्हणाली. "माजा आजेसासरा या हातावर बेलभंडार घेऊन गेला. सासऱ्याच्या टायमाला दोन शेतं गेली. मालकाच्या टायमाला खालचं गेलं. मालक रातंदीस रडत, पन पायरी नाय चढले. आन् मी चढू?"

म्हटलं, बरं. आजारी माणसाची साक्ष घ्यायला कोर्ट घरी माणूस पाठवतं. तसा अर्ज करू.

"मी कुठं आजारी हाय? धडधाकट बसली तुमच्या म्होरं. शपथ पाळाया खोटं बोलू व्हय रे बाबा?"

या वाक्यापुढे माझी वकिली संपली. मी पिशवीतून कागद काढले. एक होता शपथेचा, वाडीवरच्या कर्त्यांचे अंगठे आणि वरती भाऊसाहेबांची सही. दुसरा ठाण्याच्या कोर्टातल्या एका साध्या दाव्याचं वकीलपत्र, म्हणजे अशिलाने वकील नेमल्याचा कागद. तो तुरुंगवासानंतरचा, आणि त्याच्याही खाली भाऊसाहेबांची सही. ठमाबाईला वाचता येत नाही. पण ती सही तिने फोटोखाली जन्मभर पाहिलेली. ती उठली, दुसरा कागद भिंतीशी धरला आणि त्या लांब शेपटीवरून बोट फिरवलं. मी सगळं सांगितलं. ते सुटले, परत कोर्टात गेले, त्यांचं घर त्यावर चाललं, शपथ सोडवायला यायचं त्यांना जमलं नाही. काशिनाथ उंबऱ्यात उभा होता.

कागद माझ्या हातात परत देत ती म्हणाली, "पोटासाटी गेलं असतील. त्येचा राग नाय. एक सबूद पाठवायचा व्हता. कोनाच्याबी हाती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमाला कधीपासनं ठाव हाय?"

मी चार-दोन उत्तरं मनात जुळवून पाहिली. जन्मभर तेच केलंय, वाईट गोष्ट बऱ्या शब्दांत मांडायची. पण तिने नुकतंच वाढलेलं जेवण माझ्या पोटात होतं. म्हटलं, "खालचं शेत गेलं त्या दिवसापासून. त्या केसचा वकील मीच होतो."

"ते ठाव हाय मला," ठमाबाई म्हणाली. "तुमचं नाव डकवलेल्या कागदावर व्हतं. शाळेच्या गुरुजींनी वाचून दावलं व्हतं. तुमी कागद जिंकला, ते तुमचं काम. पन ह्ये ठाव असून गप ऱ्हायलाव?"

लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. काशिनाथने मला पाणी दिलं तेही मला घेववेना.

म्हातारीने मात्र पुढचं ठरवलं होतं. बेलभंडाराची रीत अशी, की ज्याने घातला त्यानेच सोडवायचा, तो नसेल तर त्याच्या गादीवरच्याने. "त्येंच्या खुर्चीत कोन बसतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, मी. "मंग चला." वाडीतली जी दहा-बारा माणसं घरी होती ती गावदेवीपुढे गोळा झाली. मला खाली बसता येईना, दोघांनी धरून बसवलं. बेलाचं पान, भंडारा, पाण्याचा तांब्या. काय म्हणायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं, कारण अशी शपथ सोडवलेली कोणी पाहिलीच नव्हती. मी मला येत होतं तेच म्हटलं: "भाऊसाहेबांच्या वतीने, तात्यांच्या वतीने आणि माझ्या स्वतःच्या वतीने ही शपथ मी सोडवतो. उशीर झाला." जन्मभर दुसऱ्यांच्या वतीने बोललो, स्वतःच्या वतीने बोललो ते पहिल्यांदाच.

पुढच्या तारखेला ठमाबाई आली. रॅम्पवरून नाही आली. काशिनाथचा हात झिडकारून एकेक पायरी चढली, वर गेल्यावर वळून खाली पाहिलं आणि म्हणाली, "येवढीच व्हती होय!"

साक्षीच्या पिंजऱ्यात शिपायाने तिला सांगितलं, म्हणा, ईश्वराची शपथ घेऊन सांगते की खरं सांगेन. ती थबकली. न्यायाधीश बाई तरुण, स्वभावाने गोड. म्हणाल्या, "आजी, घ्या ना शपथ." ठमाबाई म्हणाली, "घेते गो बाय. पन ही सोडवायची कोनी, त्ये आदी सांग. नायतर माजी नातवंडं बी हितंच अडकायची." कोर्टात हसू फुटलं. मला हसता आलं नाही.

साक्ष तिने खणखणीत दिली. कुठल्या बांधावर कुठलं झाड, कोणत्या साली दरड आली, दगडांची कोणती ताल, म्हणजे उतारावरचा बांध, कोणी रचली. समोरच्या वकिलाने विचारलं, आधीच्या दाव्यांत तुमचं कोणीच हजर झालं नाही, याचा अर्थ तुमचा जमिनीवर हक्क नव्हता, खरं की नाही? ती म्हणाली, "खोटं. आमाला वकिलानं सांगितलं व्हतं, येऊ नका." कोणत्या वकिलाने? कोर्टात सगळ्यांच्या माना वर झाल्या. भाऊसाहेबांचं नाव ती घेणार असं मला वाटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "व्हता येक. बोलून गेला नि इसरला."

वरकसाचा दावा आम्ही जिंकलो. फार्महाऊसवाला अपिलात गेलाय, तेव्हा ठाण्याच्या तारखा चालू आहेत. जिंकलो म्हणून ठमाबाईला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "खालच्या शेताचं काय?"

खालच्या शेताची मुदत गेली होती. एकतर्फी हुकूम रद्द करून घ्यायला कायदा मोजके दिवस देतो. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, आणि त्यात उशीर का झाला ते शपथेवर सांगावं लागतं. इतक्या वर्षांचा विलंब कोर्ट बहुधा माफ करणार नाही. हे मी तिला न लपवता सांगितलं. "पन कारन तर खरं हाय ना?" ती म्हणाली. कारण खरं होतं. कारण मीच होतो.

त्या दाव्यात मी समोरच्यांचा वकील असल्यामुळे हा अर्ज मला चालवता येईना. बारमधल्या एका नव्या वकीलबाईंनी तो घेतला. मी साक्षीदार. माझ्या शपथपत्रात मी वर लिहिलंय तेवढंच लिहिलं, भाऊसाहेबांच्या ठाण्याच्या वकिलीसकट. त्याची बातमी झाल्यावर ग्रंथालयाने मला कार्यकारिणीतून मोकळं केलं. दोन जुने मित्र रस्त्यात बोलत नाहीत. एकाने विचारलं, "मेलेल्या माणसाची अब्रू काढून तुला काय मिळालं?" त्याला सांगायचं राहून गेलं, की त्यांची अब्रू त्या वाडीने आपली शेतं देऊन राखली होती. आम्ही वकिलांनी काही दिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात माझी साक्ष झाली. सत्तेचाळीस वर्षं ज्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून प्रश्न विचारले त्यात मी पहिल्यांदा उभा राहिलो. आतून तो फार अरुंद आहे, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. समोरच्या वकिलाने, जो कधीकाळी माझ्याच हाताखाली शिकला, आवाज चढवून विचारलं, "म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तुम्ही मुद्दाम गप्प बसलात?" मी होय म्हटलं. लिहून घेतलं गेलं. निकाल राखून ठेवलाय. तो आमच्या बाजूने लागेल असं मला वाटत नाही, आणि काशिनाथलाही वाटत नाही.

उतरून बाहेर आलो तेव्हा दुपार झाली होती. ठमाबाई कोर्टाच्या वरच्याच पायरीवर फतकल मारून बसली होती, पुढ्यात फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी. तिने सरकून जागा केली. मी म्हटलं, नको आजी, आज घास उतरायचा नाही. तिने भाकरीचा मोठा अर्धा मोडला, त्यावर ठेचा ठेवला आणि माझ्या हातात दिला.

"जेवा," म्हणाली. "आमी नोटीस डकवायला येनाऱ्याला बी उपाशी धाडत नाय."